पार्किंगच्या पावत्यांवर उभं राहिलेलं अरीना

जांभळ्या लेझरचा एक झोत रात्रीच्या आकाशात सरळ वर गेलाय आणि खाली हजारो लोक 'लाइट द बीम' म्हणून ओरडतायत, असं रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी येऊन गेलं असेल. हा झोत अमेरिकेतल्या सॅक्रामेंटो शहरातल्या 'गोल्डन १ सेंटर' या अरीनाच्या छतावरून निघतो. तिथली बास्केटबॉल टीम, सॅक्रामेंटो किंग्ज, मॅच जिंकली की एक मोठं बटण दाबायचं आणि बीम पेटवायचा, असा हा प्रकार. २०२२-२३ च्या सीझनमध्ये तो सुरू झाला आणि त्याच सीझनला किंग्ज १६ वर्षांनी प्लेऑफमध्ये पोचले. इतका मोठा दुष्काळ एनबीएमध्ये दुसऱ्या कुठल्याही टीमने पाहिला नव्हता.

मी एनबीए बघतो ते सकाळी. कॅलिफोर्नियात हिवाळ्यात संध्याकाळी सातची मॅच म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेआठ. ऑफिसला जाताना फोनवर अर्धी मॅच होते. एकदा मध्येच जाहिराती लागल्या म्हणून या अरीनाबद्दल वाचायला लागलो आणि दोन गोष्टींवर अडकलो. पहिली म्हणजे टीमचे मालक विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेला हा माणूस एमआयटीत शिकला, टिब्को नावाची सॉफ्टवेअर कंपनी काढली आणि एनबीए टीमचा पहिला भारतीय वंशाचा प्रमुख मालक झाला. दुसरी गोष्ट म्हणजे अरीनासाठी शहराने घातलेले पैसे. ते यायचे होते मुख्यतः पार्किंगमधून. गाड्या लावायच्या पार्किंगमधून!

माझ्या पहिल्या नोकरीत मी एका पार्किंग अ‍ॅपच्या पेमेंटचं काम बघायचो, त्यामुळे हे वाचल्यावर राहवेना. नंतरचे दोन वीकेंड यातच गेले.

आधी बिल्डिंगबद्दल

स्टेडियम वरून उघडं असतं, अरीना बंदिस्त. आणि 'मल्टिपर्पज' हा शब्द ब्रोशर सजवण्यासाठी नसतो, ती मालकाची गरज असते. एनबीए टीमच्या वर्षाला घरच्या मैदानावर ४१ मॅच होतात. उरलेले ३२४ दिवस बिल्डिंग रिकामी ठेवली तर विजेचं बिल आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून बास्केटबॉलचं लाकडी कोर्ट तुकड्या-तुकड्यांचं असतं. ते उचलून ठेवायचं, खालच्या काँक्रीटवर स्टेज लावायचा, खालच्या काही सीट मागे सरकवायच्या. गोल्डन १ सेंटर उघडलं तेव्हा पहिली मोठी कॉन्सर्ट झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये, पॉल मॅकार्टनीची. तिथल्या सरकारी विद्यापीठाचा पदवीदान समारंभही याच हॉलमध्ये होतो.

बास्केटबॉलला साधारण साडेसतरा हजार माणसं बसतात. आता या साडेसतरा हजारांच्या खिशात एकेक फोन आहे असं धरा. एखाद्या कॉन्सर्टला गेला असाल तर अनुभव असेल: फोनवर रेंज फुल, पण व्हॉट्सअ‍ॅपचं घड्याळ फिरतच राहतं. याचं कारण टॉवर लांब आहे हे नसतं. एका चॅनलवर एका क्षणाला एकानेच बोलायचं असतं, आणि रांगेत हजारो फोन असतात. त्यावर उपाय एकच, रांगा वाढवायच्या. म्हणजे एक मोठा राउटर लावण्याऐवजी शेकडो छोटे लावायचे आणि प्रत्येकाकडे थोडेच फोन द्यायचे. पण शेजारचे दोन राउटर एकमेकांना 'ऐकू' लागले की पुन्हा गोंधळ. गोल्डन १ मध्ये यावर छान युक्ती केली आहे. वाय-फायचे बरेचसे अँटेना छतावर न ठेवता सीटखाली ठेवले आहेत. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी हे सिग्नल शोषतं. त्यामुळे तुमच्या सीटखालचा सिग्नल तुमच्यापर्यंत आणि शेजारच्या थोड्या लोकांपर्यंत पोचतो, पुढच्या ब्लॉकपर्यंत जात नाही. थोडक्यात, प्रेक्षकच भिंतीचं काम करतात. असे हजाराच्या वर अ‍ॅक्सेस पॉइंट या एका बिल्डिंगमध्ये आहेत.

थंडाव्याचीही तीच गंमत. सॅक्रामेंटोत उन्हाळ्यात पारा सहज ३८ अंशांच्या वर जातो, आपल्या जळगाव-अकोल्यासारखा. साध्या मोठ्या हॉलमध्ये थंड हवा छताजवळून फेकतात. म्हणजे आधी वरची सगळी रिकामी पोकळी थंड करायची, मग कुठे ती हवा माणसांपर्यंत येते. इथे थंड हवा सीटच्या खालून हळूहळू सोडतात. माणसांच्या अंगाने ती तापते, आपोआप वर जाते आणि वरून बाहेर काढली जाते. जिथे माणूस आहे तेवढाच थर गार ठेवायचा. शिवाय दर्शनी भागाला विमानाच्या हँगरला असतात तसे पाच अजस्र दरवाजे आहेत. संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकडून नदीच्या मुखावरून गार वारा येतो, त्याला तिकडे 'डेल्टा ब्रीझ' म्हणतात. तो आला की हे दरवाजे उघडता येतात.

वीज सौरऊर्जेची. थोडी छतावरच्या पॅनलमधून येते, बरीचशी रँचो सेको इथल्या सोलार फार्ममधून. रँचो सेको हे नाव लक्षात ठेवा. तिथे पूर्वी अणुवीज केंद्र होतं आणि ते १९८९ मध्ये बंद झालं, कारण लोकांनी मतदान करून तसं ठरवलं. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

टीम निघून जाईल ही भीती

आपल्याकडे मुंबईची टीम उद्या लखनौला गेली असं होत नाही. अमेरिकेत होतं. किंग्ज स्वतःच १९८५ मध्ये कॅन्सस सिटीहून सॅक्रामेंटोत आले. त्यांचं जुनं अरीना शहराच्या कडेला होतं, १९८८ चं. नव्या सहस्रकात ते जुनाट वाटायला लागलं आणि तेव्हाचे मालक, मलूफ कुटुंब, नवं मागायला लागले.

२००६ मध्ये थेट लोकांनाच विचारलं गेलं: विक्रीकर पाव टक्क्याने वाढवून त्यातून अरीना बांधायचं का? साधारण ८० टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. एवढा स्पष्ट निकाल क्वचितच लागतो.

पण प्रश्न मिटला नाही. २०११ मध्ये टीम अनाहाइमला जाता जाता राहिली. २०१२ मध्ये एक करार जमला आणि दोन महिन्यांत फिसकटला. जानेवारी २०१३ मध्ये मलूफांनी टीम सिअ‍ॅटलच्या गटाला विकायचं ठरवलं, ज्यात मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर होते. सॅक्रामेंटोचे महापौर होते केव्हिन जॉन्सन, स्वतः एनबीए खेळलेले. त्यांनी धावाधाव करून दुसरा खरेदीदार गट उभा केला, आणि त्याचा चेहरा म्हणजे रणदिवे. मे २०१३ मध्ये एनबीएच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी टीम हलवायला नकार दिला. टीमची किंमत धरली गेली साधारण ५३ कोटी ५० लाख डॉलर. एनबीएची अट मात्र होती: २०१७ पर्यंत नवं अरीना उघडायला हवं, नाहीतर लीग टीम परत विकत घेऊ शकेल.

हे वाचताना मला क्लायंटच्या मीटिंग आठवल्या. डेडलाइन आधी ठरलेली असते, बजेटवर चर्चा नंतर. अशा वेळी समोरच्याशी घासाघीस करायची ताकद कोणाकडे उरते ते सांगायला नको.

कर्जरोखे, आणि मतदानाला दिलेली बगल

मे २०१४ मध्ये सिटी कौन्सिलने ७ विरुद्ध २ मतांनी योजना मंजूर केली. त्या वेळचा अंदाज ४७ कोटी ७० लाख डॉलर. त्यात शहराचा वाटा साधारण २५ कोटी ५० लाख, त्यातले २२ कोटींच्या वर रोख आणि बाकीचं जमिनीच्या रूपात. शेवटी खर्च साधारण ५५ कोटी ८० लाखांवर गेला. पण इथे शहराने एक शहाणपणा केला होता. वाढीव खर्च टीमने सोसायचा, असं करारात आधीच लिहून घेतलं होतं. सरकारी बांधकामात खर्च कुठून कुठे जातो हे आपण बघतोच, त्यामुळे या एका कलमासाठी त्यांचं कौतुक करायला हवं.

रोख पैसे कुठून आणायचे? कर्जरोखे काढून. म्हणजे महापालिका गुंतवणूकदारांना सांगते: आत्ता पैसे द्या, इतकी वर्षं व्याजासकट परत करू. आपल्याकडेही हे होतं. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये २४ तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपये असेच उभे केले होते.

कॅलिफोर्नियात मात्र एक अडचण आहे. शहराला सर्वसाधारण कर्ज काढायचं तर राज्यघटनेनुसार दोन तृतीयांश मतदारांची संमती लागते. ८० टक्के लोकांनी एकदा नाही म्हटलेलं असताना ती मिळणार कुठून? म्हणून वापरले गेले 'लीज रेव्हेन्यू बाँड'. युक्ती अशी: शहराचीच एक वेगळी वित्तसंस्था असते, ती कर्ज काढते. शहर त्या संस्थेला 'भाडं' देतं, आणि संस्था त्या भाड्यातून हप्ते फेडते. कागदावर हे कर्ज नाही, भाडं आहे. भाड्याला मतदान लागत नाही.

आम्ही कोडमध्ये असं काही केलं की त्याला 'वर्कअराउंड' म्हणतो. नियम मोडलेला नसतो, नियमाच्या शेजारून गेलेलो असतो. आणि ही सॅक्रामेंटोने शोधलेली पळवाट नाही, तिथली कितीतरी शहरं पोलीस ठाणी, ग्रंथालयं अशीच बांधतात. तरी मला रँचो सेको आठवलं. अणुवीज केंद्र बंद करायचं की नाही हे ज्यांना विचारलं, त्यांना २०१४ मध्ये अरीनाबद्दल विचारलं नाही.

काही नागरिकांनी मतदान व्हावं म्हणून सह्या गोळा केल्या. त्यातही एक भानगड निघाली. या मोहिमेला गुपचूप १ लाख डॉलर दिले होते सिअ‍ॅटलच्या गटाच्या ख्रिस हॅन्सन यांनी, म्हणजे ज्यांना टीम मिळाली नाही त्यांनीच. ऑगस्ट २०१३ मध्ये ते उघड झालं, त्यांनी माफी मागितली. सह्या पुरेशा जमल्या, पण अर्जांच्या मजकुरात चुका आहेत म्हणून शहराने ते फेटाळले आणि कोर्टानेही शहराची बाजू उचलून धरली. ज्या हजारो लोकांनी मनापासून सही केली, त्यांचं म्हणणं अशा रीतीने दोन्ही बाजूंनी मारलं गेलं. मला या सगळ्या कथेत सर्वांत खटकलेली जागा हीच.

पार्किंगचा पैसा नवा की जुना?

आता हिशोब करू. २०१५ मध्ये शहराने साधारण २७ कोटी ३० लाख डॉलरचे रोखे विकले. रोख वाट्यापेक्षा रक्कम मोठी, कारण कर्ज काढायचाच खर्च असतो आणि राखीव निधीही ठेवावा लागतो. मुदत ३५ वर्षं, व्याज साधारण ५.७ टक्के. फोनमधल्या ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये हे आकडे टाकून बघा. सरळ हप्ता धरला तर वर्षाला सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर येतात. ३५ वर्षांचे मिळून ६० कोटींच्या वर. (हे माझं ढोबळ गणित. होम लोन घेतलेल्या कोणालाही विचारा, मुदत लांबली की हेच होतं.)

यातला एक भाग टीमच्या भाड्यातून येतो. ते सुरुवातीला वर्षाला साधारण ६५ लाख डॉलर आणि पुढे वाढत जाणारं. उरलेला भार पार्किंगवर. शहराच्या मालकीची पार्किंग गॅरेज आणि रस्त्यांवरचे मीटर यांच्या उत्पन्नातून तो भरायचा.

पार्किंग अ‍ॅपवर काम करताना मला एक कळलं होतं. पार्किंगचा पैसा कंटाळवाणा असतो, आणि म्हणूनच बँकांना तो आवडतो. रोजचा आलेख काढला तर ईसीजीसारखा दिसतो: सोमवार ते शुक्रवार वर, शनिवार-रविवार खाली, पुन्हा वर. किती येणार हे बऱ्यापैकी आधी सांगता येतं. सॅक्रामेंटोने वर स्मार्ट मीटर बसवले, अ‍ॅपमधून पैसे घ्यायला सुरुवात केली, अरीनाजवळचे मीटर संध्याकाळीही चालू ठेवले. उत्पन्न वाढवायला हे सगळं उपयोगी पडतं.

पण एक साधा प्रश्न विचारा. हे पार्किंगचे पैसे अरीनाच्या आधी कुठे जात होते?

ते शहराच्या सामान्य तिजोरीतच जात होते, वर्षाला साधारण ९० लाख डॉलर. पोलीस, अग्निशमन, बागा, सगळं त्या तिजोरीतून चालतं. म्हणजे 'नवा कर लावलेला नाही' हे खरं, पण 'लोकांचा पैसा लागलेला नाही' हे खरं नाही. एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे गेले, आणि पहिल्या खिशातलं भोक बुजवायला दुसरीकडून उत्पन्न वाढवावं लागणार होतं. समर्थक म्हणत की नव्या अरीनामुळे गाड्याच जास्त येतील, हॉटेलं भरतील, भोक आपोआप बुजेल.

थोडं बुजलंही. अरीना जिथे आहे तिथे आधी डाउनटाउन प्लाझा नावाचा मरगळलेला मॉल होता. त्या जागी आता माणसं दिसतात, आजूबाजूला हॉटेल आणि रेस्टॉरंट उघडली. पण स्टेडियमवर अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ अनेक दशकं एकच गोष्ट सांगत आले आहेत. माणूस मॅचला जातो तेव्हा तो पैसा बहुतेक वेळा त्याच शहरात दुसरीकडे खर्च झाला असता. उपनगरातल्या हॉटेलात जेवणारं कुटुंब आता अरीनाजवळ जेवतं. शहराच्या मध्यभागाला फायदा दिसतो, शहराच्या एकूण बेरजेत फारसा फरक पडत नाही.

११ मार्च २०२०

त्या रात्री गोल्डन १ सेंटरमध्ये किंग्ज विरुद्ध न्यू ऑर्लिन्सची मॅच होती. प्रेक्षक बसलेले, खेळाडू वॉर्म-अप करून तयार. दुसऱ्या शहरात एका खेळाडूला कोविड असल्याचं कळलं होतं आणि इथला एक पंच काही दिवसांपूर्वी त्याच्या मॅचवर होता. सुरू व्हायच्या जरा आधी मॅच रद्द झाली. लोकांना घरी पाठवलं.

नंतर सगळंच बंद झालं. ऑफिसं बंद म्हणजे पार्किंग बंद. तो ईसीजीसारखा आलेख जवळजवळ सपाट. जे उत्पन्न कधी चुकत नाही असं वाटत होतं, तेच थांबलं, आणि हप्ता मात्र चालूच. लीज रेव्हेन्यू बाँडमध्ये 'पार्किंगमधून फेडू' ही शहराची अंतर्गत योजना असते. गुंतवणूकदाराला दिलेला शब्द शहराच्या मुख्य तिजोरीचा असतो. पार्किंग आटलं तरी पैसे द्यायचेच.

ऑफिसला रोज जायची सवय त्यानंतर पूर्वीसारखी कुठेच परतली नाही, आणि सॅक्रामेंटो तर कॅलिफोर्नियाची राजधानी, सरकारी कर्मचाऱ्यांचं शहर. २०१४ च्या कुठल्याही एक्सेल शीटमध्ये 'वर्क फ्रॉम होम' नावाचा कॉलम नव्हता.

मग फायदा कोणाचा?

बिल्डिंग शहराच्या मालकीची आहे. चालवते टीम. नावाचे पैसे, म्हणजे गोल्डन १ या पतसंस्थेने २० वर्षांसाठी कबूल केलेले १२ कोटी डॉलर, टीमच्या बाजूला. आणि २०१३ मध्ये साडेत्रेपन्न कोटी धरलेली टीम आज फोर्ब्सच्या अंदाजात ३०० कोटी डॉलरच्या वर आहे. सगळ्याच एनबीए टीमच्या किमती वाढल्यात, मुख्यतः टीव्हीच्या करारांमुळे, हे मान्य. पण नवं अरीना नसतं तर ही टीम सॅक्रामेंटोत राहिलीच नसती, आणि त्या वाढीत शहराचा हिस्सा शून्य. स्टार्टअपच्या भाषेत सांगायचं तर शहराने पैसे घातले, शेअर मात्र एकही घेतला नाही. जी वस्तू वर्षागणिक जुनी होते ती शहराकडे, जी महाग होत जाते ती मालकांकडे.

दोन तासांच्या अंतरावर सॅन फ्रान्सिस्कोत २०१९ मध्ये 'चेज सेंटर' उघडलं. खर्च १०० कोटी डॉलरच्या बराच वर, आणि तो मालकांनी स्वतः उभा केला. वॉरियर्सचे मालक जास्त उदार होते असं नाही. सॅन फ्रान्सिस्को सोडून ते जाणार कुठे? सॅक्रामेंटोकडे हा हुकमाचा पत्ता नव्हता.

तरीही माझ्या ओळखीचा सॅक्रामेंटोत राहणारा एक मराठी मित्र म्हणतो, 'टीम गेली असती तर आमच्या शहरात काय उरलं असतं रे?' त्याच्याशी मी वाद घालत नाही. बीम पेटल्यावर तो बाल्कनीत जाऊन उभा राहतो, हे एक्सेलमध्ये कुठल्या सेलमध्ये लिहायचं मला माहीत नाही. फक्त त्या जांभळ्या उजेडाची किंमत किती, हे लोकांना आधी स्पष्ट सांगून विचारायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं.

हेच किंग्ज ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत येऊन खेळून गेले, भारतातल्या पहिल्या दोन एनबीए मॅच. त्या झाल्या वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, १९५७ सालच्या वास्तूत, काही हजार प्रेक्षकांसमोर. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले आलं तेव्हा त्यांना नवी मुंबईतल्या क्रिकेटच्या स्टेडियमवरच गावं लागलं, आणि तिकिटांच्या ऑनलाइन रांगेत तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच लाखाच्या पुढच्या नंबरवर होते. आपल्या शहरांनाही मोठं बंदिस्त अरीना हवंय यात शंका नाही. अशी घोषणा झाली की थ्रीडी व्हिडिओ लगेच येईल. तो बघून झाला की बजेटच्या पीडीएफमध्ये 'कर्जरोखे' हा शब्द सर्च करा आणि हप्ता कुठल्या उत्पन्नातून जाणार हे शोधा. ते उत्पन्न आज कशावर खर्च होतंय, तेही त्याच फाइलमध्ये सापडतं.

सॅक्रामेंटोचा शेवटचा हप्ता २०५० मध्ये आहे. किंग्जचं आधीचं अरीना १९८८ मध्ये उघडलं आणि टीमने ते २०१६ मध्ये सोडलं, म्हणजे २८ वर्षं. त्याच हिशोबाने नवं अरीना 'जुनं' होईल २०४४ मध्ये. तेव्हा कर्जाचे सहा हप्ते बाकी असतील.